होता होता राहिलं

शिरोलीच्या फाउंड्रीत मी टाइमकीपर.
तेहतीस वर्षं टेबलावर दोन वह्या :
एक हजेरीची, एक अपघाताची.
दुसरीत, 'कारण' असं जिथं छापलंय त्या रकान्यात
माझ्या वळणदार अक्षरात ओळीनं लिहिलंय :
कामगाराचा निष्काळजीपणा.
कामगाराचा निष्काळजीपणा.
वरीलप्रमाणे.

इलाही मुल्लाणीची दोन बोटं प्रेसखाली गेली
त्या रात्रीही तेच लिहिलं.
प्रेसचं गार्ड कोपऱ्यात काढून ठेवलेलं होतं,
त्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.
गार्ड लावलं की तासाला चाळीस नग कमी पडायचे,
हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

'सुरक्षा प्रथम' तेव्हाही भिंतीवर होतंच.
कोअरबॉक्सच्या थप्पीआड 'सु' गेलेला,
उरलेली नुसती रक्षा,
आणि ती प्रथम.
जाता-येता वाचून आम्ही हसायचो.

मग ओलं भंगार भट्टीत पडलं.
लोखंड छपरापर्यंत उसळलं, आणि खाली कृष्णात सुतार.
तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर
मालक, भूपाल मगदूम, चपला हातात धरून मागं उभे.
कृष्णातची बायको रडत नव्हती.
एवढंच विचारलं तिनं :
"भंगार ओलं हाय, कुणालाच दिसलं न्हाई व्हय?"

दिसलं होतं.
तिघांना. त्यातला एक मी.

पुढच्या सोमवारी टेबलावर तिसरी वही आली,
दोनशे पानी, शाळेतल्या पोरांची, कव्हरवर कमळ.
"जे होता होता राहिलं ते ह्यात लिवा," मालक म्हणाले,
"नाव घालू नका."
चार महिने वही कोरी.
पाचव्या महिन्यात कुणीतरी लिहिलं : चहा पाणचट आहे.
मला वाटलं, आता वही जाणार.
दुसऱ्या दिवशी चहा बदलला.

त्यानंतर अक्षरं यायला लागली,
काही तेलकट, काही अंगठ्याच्या ठशासकट.
साखळीची तिसरी कडी झिजलीय.
रात्रपाळीच्या जिन्यावर दिवा नाही.
काल डुलकी लागली, प्रेसवर, मीच.
शेजारी दुरुस्तीची तारीख.
एक्झॉस्टच्या पंख्यापुढं वर्षभर तारीख पडली नाही,
आणि दिवाळीच्या ऑर्डरीला गार्ड पुन्हा निघाली, दोनदा.
खोटं कशाला सांगू.

प्रणोती कुरणे, ट्रेनी, सात महिन्यांची नोकरी.
गेटवर ट्रक सुरू, ड्रायव्हर हॉर्न देतोय, भट्टी तयार.
ती लॅडलपुढं आडवी उभी राहिली :
"अस्तर ओलं आहे. ओतायचं नाही."
मालकांनी मनगट बघितलं. तिला बघितलं.
घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवलं,
नेमकं अपघाताच्या वहीवर.
"तापू दे," म्हणाले.
चाळीस मिनिटं.
तेवढ्या शेडमध्ये मला त्याची टिकटिक ऐकू येत होती.

परवा एक आठवडा तिसरी वही कोरी गेली.
आधी पेढे वाटले असते आम्ही.
मालक सकाळीच येऊन पानं उलटत बसले :
"काय रं, दिसंना झालंय व्हय आपल्याला?"

इलाही आता गेटवर असतो.
पाळी सुटली की तीन बोटांनी सलाम ठोकतो.
नव्या पोरांना ती स्टाइल वाटते,
तीही तशीच तीन बोटं कपाळाला लावतात,
दोन मुडपून.

पुढच्या महिन्यात मी रिटायर.
काल जुनी वही काढली,
इलाहीची ओळ शोधली, रकाना खोडला,
आणि दाटीवाटीनं, समासात जाऊन, लिहिलं :
गार्डवर टॉवेल वाळत होता.
मी पाहिला होता.